खंडेनवमीचं तेल

कॅनडातल्या रेजिना शहरातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायचा एक घडीचा स्टँड होता. त्या वर्षी सप्टेंबरभर आम्ही त्याला कुंपण म्हणत होतो. संध्याकाळचा चहा झाला की नवरा तो मधोमध उभा करायचा आणि मी बंदूक घेऊन त्याच्यापाशी यायचं. थांबायचं. चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, कारण थंडीत नि घाईत डोळे फसतात. लिव्हर तशीच उघडी ठेवून बंदूक कुंपणाखालून पलीकडे सरकवायची, नळीचं तोंड आपल्यापासून लांब. मग जरा बाजूला जाऊन कुंपण ओलांडायचं, म्हणजे त्या तोंडासमोरून आपण जात नाही. स्टँडवर टॉवेल असायचे. त्यांत माझा पाय अडकला की नवरा म्हणायचा, "अगं, सिरियसली कर ना." मी सिरियसलीच करत होते. टॉवेलसुद्धा मीच वाळत घातलेले असायचे.

शिकारीची हौस त्याची. तो प्रांतिक सरकारच्या रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर होता, नोकरी कंत्राटी होती आणि ती पक्की व्हायची वाट आम्ही दोघंही बघत होतो. तिकडे साहेबाला नावानं हाक मारतात, पण साहेब तो साहेबच. हा साहेब दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा आणि मग डिसेंबर संपेपर्यंत ऑफिसात तेवढाच विषय. नवऱ्याला त्या गप्पांत जागा हवी होती. साहेबानं एकदा सहज म्हटलं, तू ये, बायकोलाही आण, माझी बायको पूर्वी यायची. नवऱ्यानं तिथल्या तिथे दोघांचा होकार देऊन टाकला. माझा होकार तो नेहमी खिशात घेऊनच फिरायचा.

मी चिडले नाही का? चिडले. अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायला माणसाला पायाखाली जमीन लागते. नागपूरला मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, माझी स्कूटर होती, माझा पगार होता. इथे माझ्या डिग्रीचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं, गाडीचं लायसन्स अजून हातात नव्हतं, आणि बस आमच्या कोपऱ्यावर मनात येईल तेव्हा यायची. ऑक्टोबर संपता संपता बर्फ पडला की घराबाहेर पडायला आधी शोव्हल करायचं, म्हणजे फावड्यानं बर्फ उपसायचा, आणि शोव्हल करून बाहेर पडलं तरी जायचं कुठे, हा प्रश्न उरायचाच. मी दिवसभर त्या घरात या खिडकीतून त्या खिडकीकडे जात होते. फोन कार्डावर आईशी बोलताना "मजेत आहे" म्हणत होते. अशा बाईला नवरा म्हणाला की शनिवार-रविवार बंदुकीच्या कोर्सला जायचंय, तर ती चिडते आणि जाते.

कोर्स एका कम्युनिटी हॉलमध्ये होता आणि खोटं कशाला सांगू, मला तो आवडला. शिकवणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. त्या एकेकाला पुढे बोलावत, प्रश्न विचारत आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहत. मला प्रश्न विचारून कुणी थांबलंय, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळीचं तोंड कुठे आहे याचा विचार एक क्षणही सोडायचा नाही. बोट चापापासून दूर. माणसं एकामागे एक चालत असतील तर पुढच्याची नळी पुढे, मागच्याची बाजूला. खांद्याला अडकवली तर घसरून पडल्यावर ती कुणाकडे वळेल हे आधी ठरवायचं. दोन्ही हातांत छातीशी तिरकी धरली तर सगळ्यात जास्त ताबा राहतो. मला हे सगळं वर्गातल्या ॲसिडच्या बाटल्यांसारखंच वाटलं. तिथेही मी मुलांना हेच ओरडून सांगायची, बाटलीचं तोंड कुणाकडे आहे बघा.

आमच्या वाट्याला लिव्हरची रायफल येणार होती, म्हणून बाईंनी मला तिचं वेगळं समजावलं. इतर बंदुकांना सेफ्टीचं बटण असतं. जुन्या लिव्हरच्या बंदुकीला ते नसतं, तिचा सगळा भरवसा मागच्या घोड्यावर, म्हणजे पुढे आपटून काडतूस उडवणाऱ्या हातोडीवर. लिव्हर खाली ओढून वर मिटली की नळीखालच्या नळकांड्यातलं एक काडतूस आत बसतं आणि घोडा मागे उभा राहतो. आता चाप ओढला की काम झालं. पण गोळी झाडायचीच नसेल तर? तर अंगठ्यानं घोडा धरून, चाप दाबून, तो हळूच उतरवावा लागतो, आणि त्यात अंगठा सटकला तर बंदूक उडते. म्हणून चालताना आत काडतूस नकोच. जनावर समोर आलं, त्याच्यामागे माती आहे अशी खात्री झाली, तरच लिव्हर मारायची. झाडायचं नाही ठरलं तर लिव्हर उघडून काडतूस बाहेर काढायचं. "थंडीत अंगठ्यावर विश्वास ठेवू नका," असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं.

रायफल साहेबाचीच जुनी. त्यानं नवी घेतली आणि ही आम्हाला दिली. तेव्हा अशा बंदुकांची नोंदणी करावी लागे, तीही झाली. बेसमेंटच्या कपाटात ती कुलपात राहायची आणि चावी नवऱ्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

मग नवरात्र आलं. नवरा साताऱ्याकडचा. त्यांच्या घरी एक तलवार आहे आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. लग्नाआधी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये असताना तो पान्यांच्या संचाला नि मिक्सरला कुंकू लावायचा आणि मनातून खट्टू असायचा. त्या वर्षी सासूबाईंचा फोन आला, "आता खरं शस्त्र आलंय घरात, नीट पूजा कर." त्याला आकाश ठेंगणं झालं. कॉफी टेबलावर माझी जरीकाठी शाल अंथरली, ग्रोसरीतून आणलेली शेवंती वाहिली, हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग. बंदूक रिकामी आहे हे त्यानं बघून घेतलं होतं, तेवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. मी स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फेटत होते. माझी खोबरेलाची बाटली वॉशरूममधून हॉलमध्ये गेलेली मला दिसली. समईसाठी नेली असेल असं वाटलं. घर हीटिंगनं उबदार होतं, तेल पाण्यासारखं पातळ होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी साहेबाच्या पिकअपमधून आम्ही निघालो. पुढच्या सीटवर ते दोघं, मागे मी. शहर संपलं की सगळं सपाट, कापणी झालेल्या शेतांतली धाटं बर्फातून वर आलेली, बाकी काही नाही. उणे वीसच्या आसपास होतं. माझ्या अंगात साहेबाच्या बायकोचा भडक केशरी सूट होता आणि त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. रस्ताभर ते दोघं बोलत होते आणि मला मध्येच काही विचारलं गेलं तर उत्तर नवरा द्यायचा. थंडी वाजतेय का? नाही, तिला सवय झालीय. भूक? नाही, आम्ही खाऊन निघालो. मी काच पुसून बाहेर बघत होते.

सकाळी नवरा बंदूक घेऊन एका जागी बसला आणि त्याला काही मिळालं नाही. दुपारी माझी पाळी लागली. पॉपलरच्या झाडांचं एक दाट बेट होतं. साहेब एका अंगानं आणि नवरा दुसऱ्या अंगानं त्यात शिरून हरणं हलवणार, आणि मी पलीकडच्या तोंडाशी बसणार. नवऱ्याजवळ बंदूक नव्हती, आमची एकच होती. साहेब माणूस नीट होता. त्यानं मला शेतकऱ्यांनी वेचून रचलेल्या दगडांच्या ढिगाशी बसवलं आणि हातानं दाखवलं. समोर मातीचा उतार आहे, फक्त त्या उतारावर. डावीकडे झाडं, तिकडे आम्ही आहोत, तिकडे नाही. मागे तारेचं कुंपण, त्यामागे रस्ता आणि घर, तिकडे तर नाहीच. आम्ही दोघंही डावीकडून, कुंपणाच्या कडेनं बाहेर येऊ. समजलं? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "शी इज फाइन." मग माझ्या खांद्यावर थाप मारून मराठीत म्हणाला, "आवाज करू नकोस हं. साहेबाची शिकार घालवू नकोस."

ते गेल्यावर मी माझी जागा बघितली. पाठीला दगड, त्यामागे काटेरी तार. उजवीकडे घळ, वाऱ्यानं आणून टाकलेल्या बर्फानं काठोकाठ भरलेली. पाय टाकला तर कंबरेपर्यंत जाईन. डावीकडे माणसं. उठून जायला एकच बाजू मोकळी होती ती समोरची, आणि ती गोळीची वाट. मला हसू आलं. रेजिनातल्या घराचाच हा नकाशा होता, फक्त छप्पर नव्हतं. नळकांड्यात काडतुसं होती, आत काही नव्हतं, घोडा खाली होता. नळी समोर करून बंदूक मांडीवर धरली आणि बसले.

बराच वेळ काही झालं नाही. पायांची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. मी मनातल्या मनात नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी बोलावत होते. तेवढ्यात उजवीकडून, घळीच्या कडेनं, हरीण आलं. शिंगांचा नर. तो उतारावर चढून मध्येच थांबला आणि मान वळवून झाडांकडे बघायला लागला. त्याच्यामागे माती होती. सगळं पुस्तकात असतं तसं होतं, आणि मला ते मारायचं होतं की नाही हे मला अजूनही सांगता येत नाही. पण मला ते नीट करून दाखवायचं होतं, हे नक्की. मी बंदूक उचलली आणि लिव्हर मारली.

ती नेहमीसारखी खाली गेली नाही. जोर लावून ओढली. वर यायला तर तयारच नव्हती. थंडीत लोखंड आखडलं असेल असं वाटून तळहाताच्या बुडानं तिला दणका दिला, तेव्हा ती मिटली. काडतूस आत गेलं. घोडा मागे उभा राहिला. त्या आवाजानं हरीण चार उड्यांत उताराच्या माथ्यावर पोचलं आणि तिथे क्षणभर उभं राहिलं. आता त्याच्यामागे फक्त आभाळ होतं. आभाळात गोळी झाडायची नसते. मी झाडली नाही आणि हरीण पलीकडे उतरलं.

सुटले, असं मला वाटलं. खरोखर बरं वाटलं. आता लिव्हर उघडायची, काडतूस काढायचं, आणि कुणी विचारलं तर जे घडलं ते सांगायचं. लिव्हर उघडेना. दोन्ही हातांनी ढकलली, गुडघ्यात बंदूक आवळून ढकलली, नळी मात्र समोरच ठेवून. ती हलेना. एका जागी चिकटल्यासारखी बसली होती. उजव्या हाताचा मोजा काढला आणि अंगठा बघितला. तो पांढरा पडला होता. घोड्याच्या टोकावर ठेवून पाहिला तर लोखंड आहे की लाकूड हेच कळेना. हा अंगठा घोडा उतरवताना सटकला असता यात मला काडीची शंका नव्हती. मी तो बाजूला घेतला.

मग मला वास आला. बंदुकीवर वाकले होते, श्वास तिच्यावर पडत होता, आणि तिच्यातून माझ्या उशीचा वास आला. माझ्या केसांचा. घोड्याच्या बुडाशी, लिव्हरच्या सांध्यात, पांढरट मेण दाटून बसलं होतं. नखानं खरवडून बघितलं. खोबरेल. नुसता वरून हात फिरवला नव्हता त्यानं, त्याचे आजोबा घरच्या तलवारीला माखायचे तसं लिव्हर उघडून आत ओतलं होतं. नागपूरच्या हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल लागत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रेजिनात तर रोज सकाळी मी बाटली हीटिंगच्या जाळीवर ठेवत होते, त्याच्या डोळ्यांसमोर. आणि ह्या इंजिनिअरनं उणे विसात न्यायच्या बंदुकीत ते ओतलं. मला इतका संताप आला की थोडा वेळ भीती वाटायचीही थांबली.

पण भीती परत आली आणि मुक्कामालाच आली. भरलेली, घोडा उभा असलेली बंदूक माझ्या हातात होती. ती रिकामी करता येत नव्हती, उतरवता येत नव्हती, आणि अशी बंदूक खाली ठेवून उठून जाता येत नाही. एक मार्ग होता. समोरच्या उतारात गोळी झाडून मोकळं व्हायचं. साहेबानंच दाखवलेली जागा होती. आत मेण असताना ती उडेल, की उशिरा उडेल, की उडणारच नाही, हे सांगता येत नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी बंदूक खांद्याला लावली. बोट चापाकडे नेलं.

आणि उताराच्या पलीकडून नवऱ्याची शीळ ऐकू आली.

मी बोट काढलं. कसं काढलं मला आठवत नाही. तो डावीकडून यायचा होता. कुंपणाच्या कडेनं. ठरलं होतं, साहेबानं हातानं दाखवलं होतं. पण त्याला बर्फात हरणाच्या पावलांचे ठसे दिसले असणार आणि ते दिसल्यावर ठरलेलं कुठलं राहायला? तो ठशांमागून निघाला होता, टेकाडाला वळसा घालून, थेट माझ्या नळीसमोर. डावीकडे नळी नेली तर झाडांत साहेब. मागे घर. खाली गोठलेली जमीन आणि दगड, त्यांवरून गोळी उसळते, हेही त्याच कोर्सात शिकवलं होतं. घळीतल्या बर्फाच्या ढिगावर मी नळी रोखली. त्यातल्या त्यात ती बाजू मोकळी होती. पण माथ्याच्या उजव्या अंगानं माझ्याकडे उतरलं तर ती वाट त्या ढिगावरूनच येत होती.

ओरडायला हवं होतं. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. आवाज करू नकोस, शिकार घालवू नकोस. माझी पाचावर धारण बसली होती आणि तरीसुद्धा मनात पहिलं हेच आलं की साहेब काय म्हणेल, नोकरीचं काय होईल. ह्याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. नवरा माथ्यावर नेमका त्याच अंगाला आला. केशरी सूट, केशरी टोपी, कुणाच्याही नजरेत भरेल असा. त्यानं मला हात केला आणि उतरायला लागला.

"थांब!" मी ओरडले. फाटक्या आवाजात, पण ओरडले.

"काय गं? हरीण मिळालं?" तो चालतच होता.

"थांब म्हणते ना! बंदूक भरलेली आहे!"

"मग अनलोड कर ना!"

"होत नाही! लिव्हर जॅम झालीय, घोडा वर आहे!"

"अगं, पॅनिक होऊ नकोस. अंगठा ठेव घोड्यावर, चाप दाब, आणि हळूहळू..." तो हातवारे करून मला शिकवत खाली येत होता. पावलागणिक घळीच्या त्या ढिगाच्या जवळ. "रिलॅक्स. मी येतो, मी करतो."

हा माणूस माझ्या हातून मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मरेपर्यंत मला शिकवत राहणार. मी जितकी ओरडत होते तितका तो मला समजवायला जवळ येत होता. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं समोरचं धूसर झालं.

"तू आत खोबरेल ओतलंस ना?" मी किंचाळले. "खंडेनवमीला? खोबरेल थिजलंय आत! सगळं थिजलंय! कुठला भाग कधी सुटेल मला माहीत नाही!"

तो थांबला. एक पाय पुढे टाकलेला, तो तसाच बर्फात. शेवटी इंजिनिअरच तो. लोखंड, तेल, थंडी, एवढं जुळवायला त्याला वेळ लागला नाही. इतक्या लांबूनही त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. आरडाओरडा ऐकून साहेब झाडांच्या कडेला आला होता. आमचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण त्यानं माझ्या हातातली बंदूक पाहिली, आपली उघडून रिकामी केली आणि तिथेच उभा राहिला. त्याला थांब म्हणून सांगावं लागलं नाही.

"हलू नकोस," मी नवऱ्याला म्हटलं. "बोलूही नकोस."

मग मी काय केलं ते सांगते. काढलेल्या मोज्याचा जाड अंगठा घोड्याच्या पुढच्या फटीत कोंबला. घोडा पडलाच तर आधी त्याच्यावर पडावा म्हणून. बोटं त्या फटीपाशी नेताना मला आई आठवत होती, दुसरं काही नाही. मग सूटची चेन खाली ओढली, स्वेटर वर केला, आणि नळी घळीकडेच ठेवून बंदुकीचा मधला भाग, लिव्हरसकट, आतल्या बनियनवरून पोटाशी धरला. उणे विसातलं लोखंड. श्वासच कोंडला. खोबरेल वितळायला काही भट्टी लागत नाही, माणसाच्या अंगाची ऊब त्याला पुष्कळ, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. मी वाकून, दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून, तिच्यावर तोंडानं वाफ सोडत बसून राहिले. भरलेली बंदूक अशी कुशीत घेऊन बसलेली बाई साहेबाला लांबून कशी दिसली असेल देव जाणे. मी कापत होते, रडत होते, आणि नळीचं तोंड कुठे आहे याचा विचार मात्र सोडत नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पोटावर आधी आग झाली, मग काहीच वाटेना. मग बनियन ओला लागला. तेलानं. मी लिव्हरवर हात ठेवून पुढे ढकललं. ती जरा हलली आणि अडली. पुन्हा वाफ, पुन्हा ढकललं. या वेळी तिनं करकर आवाज केला आणि उघडली, मोजा खाली पडला, आणि काडतूस उडून माझ्या गुडघ्यापाशी बर्फात रुतलं. पितळी, नवंकोरं, तेलानं माखलेलं. मी लिव्हर पुन्हा मारली, दुसरं पडलं. बंदूक रिकामी होईपर्यंत मारत राहिले, आणि मग आत बघितलं, बोटानं चाचपलं, आणि लिव्हर उघडी टाकून तिला दगडांवर आडवी ठेवली. हात सोडवायला वेळ लागला. बोटं तिच्याभोवती वळली होती तशीच राहिली होती.

आता "ये" म्हणायला हरकत नव्हती. कसलाही धोका उरला नव्हता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो जसा थांबला होता तसाच उभा होता, एक पाय पुढे, गुडघ्यापर्यंत बर्फात, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरलेले. त्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता. नाक लाल झालं होतं. तो जिवंत होता, आणि त्या आनंदानं माझ्या छातीत दुखत होतं. पळत जाऊन त्याला मिठी मारावी असं वाटत होतं. दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं. मी त्यातलं काहीच केलं नाही. स्वेटर खाली केला, चेन वर ओढली, मोजा शोधून हातात घातला. बर्फातली काडतुसं एकेक करून वेचली आणि खिशात टाकली. तो बघत होता.

"येऊ का?" त्यानं वरून विचारलं. आवाज इतका लहान होता की दुसऱ्याच कुणाचा वाटावा.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

आणि तो तसाच उभा राहिला.